पाहुणीचा दुसरा फटका

आमच्या इमारतीत पाऊल ठेवल्याला दोन तास झाले नसतील, तेवढ्यात पोरीने जिन्यात रक्त सांडलं. तिचं स्वतःचंच होतं, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही.

त्याचं असं झालं. पाठीवर एक पिशवी आणि डोक्यावर सायकलचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन एकवीस वर्षांची ही पाहुणी दुपारी आली. एका वर्षासाठी. आमच्या गावातली एक मुलगी तिच्या देशातल्या कॉलेजात गेली होती आणि तिच्या बदल्यात ही इकडे. जिन्याखाली खोका फोडला, अर्ध्या तासात सायकल जोडली आणि तोंडावर पाणीही न मारता चक्कर मारायला निघाली. आता तिच्या देशात रस्त्याच्या ज्या बाजूने जातात, त्याच्या नेमक्या उलट्या बाजूने आपण जातो. कोपऱ्यावर तिने सवयीने भलतीकडे पाहिलं आणि दुसरीकडून आलेल्या पावाच्या गाडीने तिला सायकलसकट फुटपाथवर भिरकावलं. हनुवटी फुटली. चालकाने खाली उतरून तिच्या आईचा उद्धार केला. चूक आपली आहे हे तिला कळत होतं, पण आई मध्ये आली म्हटल्यावर तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि गाडीचा एक दिवा फोडला. चालकाने तिच्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने गाडीत बसून निघून गेला. त्यालाही पोलीस नको असावेत.

हे मला कसं माहीत? मी शिंपी. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला खिडकी आहे, खिडकीशी माझं मशीन आहे, आणि मशीनशी मी. खालून जाणारा माणूस माझ्या नजरेतून सुटत नाही. सुटलाच तर आठ दिवसांनी पँटची लांबी कमी करायला वर येतो आणि स्वतःच सगळं सांगतो. आमची ही म्हणते, तुमच्या मशीनपेक्षा तुमची जीभ जास्त टाके घालते. म्हणू दे. तिलाही रोज संध्याकाळी ताजं ऐकायला लागतंच.

तर त्या संध्याकाळी पाहुणी हनुवटीला पट्टी लावून, गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन माझ्याकडे आली.

"काका, शिवून मिळेल?"

पहिल्याच भेटीत काका! माझे केस त्या दिवसापर्यंत काळे होते, असं मी मानत होतो.

"मिळेल. पण पोरी, काय शिकायला आलीस तू इथे?"

"हाडांचं. म्हणजे मोडलेली माणसं परत चालती कशी करायची, ते."

"मग सुरुवात स्वतःपासून केलीस, छान केलंस."

ती हसली आणि हनुवटीची पट्टी पुन्हा लाल झाली.

पहिल्या महिन्यात मी तिच्या पाच पँटी शिवल्या. तिने हे गाव पायडल मारत पाठ केलं, आणि मी तिच्या फाटलेल्या पँटींवरून. डावा गुडघा म्हणजे बसच्या थांब्याजवळचा खड्डा. मांडीवरची लांब फाट म्हणजे बांधकामाचा पत्रा. पोटरीवरचा लचका म्हणजे लाकडाच्या वखारीतलं कुत्रं. त्या कुत्र्याने खरोखरच मांस काढलं होतं, चार टाके पडले. तेव्हापासून ती हवा भरायचा लोखंडी पंप पाठीला आडवा अडकवून फिरायला लागली. कॉलेज नऊ किलोमीटर. त्याआधी सकाळी उजाडताच पाण्याच्या टाकीचा चढ चढून यायची, ते वेगळंच. परत यायची तेव्हा अंगावर धूळ, कुठे तरी नवीन खरचटलेलं, आणि चेहरा असा की जसं काही हिला कोणी राज्य दिलंय. सायकल तिच्या बापाने स्वतः सुटे भाग आणून बांधली होती. बाप तिकडे बस चालवतो. "बाबा म्हणाले, रस्त्याला घाबरलीस की रस्ता खातो," असं ती सांगायची. बापाने लेकीला जरा कमी धीट केलं असतं, तर माझा दोरा वाचला असता.

एकदा काजं करता करता मी तिला म्हटलं, "राग गिळायला शीक."

"गिळते हो काका. पण घशाशीच अडकतो. आणि मला तर चांगलाच गिळायला हवा. आमच्याकडून सही करून घेतली आहे. मारामारीची एक जरी तक्रार नोंदली गेली, तर जागा रद्द आणि परतीचं विमान."

"मग तिकडे जाऊन शीक."

"तिकडची माझी जागा इथून गेलेल्या मुलीला दिली. परत गेले तर इथली नाही, तिथलीही नाही. बाबांनी अख्ख्या डेपोला सांगून ठेवलंय, पोरगी हाडांची डॉक्टरीण होऊन येणार. हाकललेली पोरगी घेऊन ते कामावर कसे जाणार?"

हे तिने इतक्या हळू आवाजात सांगितलं, की मी ते कोणालाच सांगितलं नाही. म्हणजे आमच्या हिला सोडून.

आता भाचेराव. तळमजल्यावर आमच्या मालकीणबाई राहतात आणि स्वयंपाकघरामागची खोली त्यांनी पाहुणीला दिली होती. बाई मांसाच्या कारखान्यात कामाला. दिवसभर उभ्याने हाडापासून मांस सोडवायचं. मनगटं अशी, की हात मिळवला तर दोन दिवस मला सुई धरता येत नाही. अशी बाई बाहेर कोणाच्या बापाचं ऐकत नाही, पण घरात बहिणीच्या मुलापुढे तिचं पाणी पाणी होतं. भाचेराव दोन दिवसांसाठी राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली. वय बत्तीस, काम शोधण्याचं काम. जेवण गार असलं की ताट भिंतीवर. शर्टाला सुरकुती असली की इस्त्री मावशीच्या अंगावर. मालकीणबाई महिनाभर कोपराला पट्टी बांधून फिरत होत्या. म्हणाल्या, कारखान्यात लागलं. कारखान्यात इस्त्री कुठून आली, हे मी त्यांना विचारलं नाही. बाकी सगळ्यांना विचारलं.

पाहुणीची सायकल जिन्याखाली उभी राहायची आणि ती भाचेरावांच्या डोळ्यांत सलायची. आधी हवा काढून झाली. मग घंटी गेली. एका सकाळी त्यांनी चाकात लाथच घातली, आणि नेमकी ती तेव्हा हेल्मेट घालून बाहेर आली.

"ए पाहुणे, हे भंगार उचल इथून."

"मावशींना विचारून ठेवलंय."

"मावशी माझी आहे."

"म्हणून तर तुम्ही तिच्या डोक्यावर बसलात. सायकल बिचारी जिन्याखालीच बसली आहे."

वरच्या कठड्यावरून मला हसू आवरलं नाही, आणि ते भाचेरावांनी ऐकलं. बहुधा त्यामुळेच त्यांनी तिच्या कानाखाली काढली. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. पोरगी भिंतीवर आदळली, भिंतीवरून परत आली, आणि आली ती हेल्मेटसकट डोकं खाली घालून थेट त्यांच्या नाकावर. रक्ताची पिचकारी उडाली ती विजेच्या मीटरवर. भाचेरावांनी तिचे केस धरले, तिने त्यांचं मनगट चावलं, दोघंही सायकलीवर पडले आणि चाकाचे दोन आरे तुटले. मालकीणबाई आत सुरीला धार लावत होत्या. ती हातात तशीच घेऊन धावत आल्या.

"दोघंही गप्प! नाही तर दोघांचे असे तुकडे करीन, की कोणाचा कुठला ते तुमच्या आयांनाही ओळखता यायचं नाही!"

गप्प झाले. भाचेराव नाक धरून आत गेले आणि दार असं आपटलं, की माझ्या मशीनवरची कात्री खाली पडली. तक्रार कोणी केली नाही. नाक एका पोरीने फोडलं, असं लिहून द्यायला भाचेरावांना लाज वाटली असणार. पाहुणी मात्र दिवसभर खोलीबाहेर पडली नाही. दुखत होतं म्हणून नाही. विमान दिसत होतं म्हणून.

मग तो शनिवार आला. दुपारचे तीन. आमच्या इमारतीच्या फाटकापासून रस्ता खाली चौकापर्यंत उतरतो. मी कोटाच्या अस्तराला टीप मारत होतो. बॉबिन हातातून सुटून मशीनखाली गेलं, म्हणून मी खाली वाकलो. तेवढ्यात बाहेर ट्रकचा हॉर्न, किंचाळी, आणि ओल्या पोत्यासारखं काहीतरी पडल्याचा आवाज. डोकं वर करताना ते मशीनला आपटलं, त्यात आणखी दोन क्षण गेले. खिडकीतून पाहिलं तर उतारावर मधोमध भाचेराव पालथे. तोंडाच्या जागी नुसतं रक्त. डाव्या हातात पाहुणीच्या सायकलीची दांडी गच्च धरलेली. आणि फाटकातून अनवाणी, अर्धे केस ओले अशी पाहुणी धावत येते आहे, हातात पंप. आली आणि हाणला. पुन्हा हाणला. मग सायकल ओढून घेतली आणि तिथेच रस्त्यात बसली.

मी जिन्यात येईपर्यंत गोष्ट माझ्या तोंडात तयार होती. पहिल्या मजल्यावर सांगितलं, "पोरीने पंपाने भाचेरावांचे दात पाडले!" दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत जबडाही मोडला, आणि तो खरंच मोडला होता, त्यामुळे माझा हुरूप वाढला. संध्याकाळी नळापाशी पाण्याला उभ्या असलेल्या बायकांना मी हाताची मूठ करून दाखवत होतो, पंप कसा वर गेला, कसा खाली आला, आणि दात कसे तीन-तीन करून उडाले. बायका "अगं बाई" म्हणत होत्या. माणसाला आणखी काय हवं असतं?

सोमवारी पोलीस अधिकारी आले. इमारतीत सात जणांना विचारलं आणि सातही जणांनी शपथेवर तेच सांगितलं, "पंपाने दात पाडले, आम्हाला माहीत आहे." कोणी पाहिलं, तर शिंपीकाकांनी. भाचेरावांचा जबडा तारेने बांधलेला, डाव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये. बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहिलं, "तिने मारलं." सहा वर्षांत मालकीणबाईंच्या घरात पहिल्यांदा शांतता होती. गुरुवारी कॉलेजात सगळ्यांना बोलावलं. तिथे ठरणार होतं, तक्रार नोंदवायची की नाही. नोंदवली की विमान.

मी तिला जिन्यात गाठलं. "पोरी, काहीतरी बोल. तू नाही मारलंस म्हण."

"मी मारलं, काका," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

झालं. मला वाटलं, मी सांगितलं तेच खरं. असं वाटण्याची मला सवय नाही, त्यामुळे त्या रात्री जेवण जाईना.

मंगळवारी मालकीणबाई एक जाकीट घेऊन आल्या. भाचेरावांचं, शनिवारचं. "रक्त धुतलंय," म्हणाल्या. "खांदा तेवढा नीट करून द्या. नवीन घ्यायचं म्हटलं तर परत माझ्यावर ओरडेल. म्हणजे, पाटीवर."

त्या गेल्या आणि मी जाकीट टेबलावर पसरलं. आणि मग माझे हातच थांबले.

तीस वर्षं मी फाटलेले कपडे पाहतोय. माणसाला धरून मारलं, तर कपडा शिवणीवर उसवतो. कॉलर निघते, बटणं तुटतात, बाही काखेत फाटते. इथे कॉलर जशीच्या तशी. सगळी बटणं जागेवर. आणि उजवा खांदा पार अस्तरापर्यंत घासून गेलेला, धाग्याधाग्यात खडी रुतलेली. खडी सगळी एकाच बाजूला सरकलेली, पुढून मागे. हा माणूस उडाला होता. पुढे उडून, खांद्यावर आणि तोंडावर घासत गेला होता. पोरगी फाटकातून बाहेर आली, त्याच्या आधीच दात रस्त्यावर होते.

मी जाकीट घेऊन सरळ तिच्या खोलीत गेलो. ती पिशवी भरत होती.

"हा पडला होता!"

"हो."

"मग बोलत का नाहीस?"

"काय बोलू? पडला तोही माझ्यामुळेच. काका, तुमच्या इथे सायकलीचा मागचा ब्रेक कुठल्या हातात असतो?"

"उजव्या."

"आमच्याकडे उजव्या हातात पुढचा. इथे आल्यावर सायकल दुकानदार म्हणाला होता, बदलून घे. मी म्हटलं, माझ्या हातांना माहीत आहे, दुसरं कोण चालवणार आहे? मी आंघोळीला गेले आणि हा न विचारता घेऊन गेला. चौकातून ट्रक वर आला. याने मागचा समजून उजवा ब्रेक सगळी ताकद लावून दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि हा पुढे गेला. मी न्हाणीघराच्या खिडकीतून पाहिलं, कसा उडाला ते."

"मग सुटलीस की! हे सांग ना!"

तिने पिशवीची चेन लावली. "आणि पंप?"

त्या प्रश्नाकडे मी नीट लक्ष दिलं नाही. मला माझीच घाई होती. पोलीस चौकीत जाऊन मी सांगितलं, की मी दात पाडताना पाहिलं नाही, मी बॉबिन शोधत होतो. अधिकारी वही मिटून म्हणाले, "काका, सात जण सांगतात तुम्ही पाहिलं. नळावर तुम्ही करून दाखवलंत म्हणे. आता तुमचं कुठलं खरं धरू?" तोंडात मारल्यासारखा परत आलो. आमच्या हिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "जाकीट घेऊन जा गुरुवारी. तुमच्या बोलण्यावर नाही, पण हातावर विश्वास ठेवतील."

कॉलेजात त्या विभागाची खोली लांबट. भिंतीला लागून पाय बांधायचे पट्टे, वजनं, कुबड्या, आणि कोपऱ्यात खांबाला टांगलेला एक पूर्ण सापळा. टेबलामागे विभागप्रमुख बाई, शेजारी पोलीस अधिकारी. समोर भाचेराव पाटी घेऊन, मालकीणबाई मांडीवर हात ठेवून, पाहुणी अंग चोरून. मी जाकीट टेबलावर पसरलं आणि जेवढं कपड्यात दिसत होतं तेवढंच सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही. आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम. बाईंनी बोटाने खडी चाचपून पाहिली. पाहुणीने ब्रेकचं सांगितलं. सायकल आणली होती, अधिकाऱ्यांनी स्वतः दोन्ही ब्रेक दाबून पाहिले.

"भाचेराव, तुम्ही उजवा ब्रेक दाबला होता?" त्यांनी विचारलं.

भाचेरावांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, "हो."

"मग दात सायकलीवरून पडून गेले."

भाचेरावांनी पाटी पुसून टाकली. मालकीणबाईंनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. विभागप्रमुख बाई पाहुणीकडे वळल्या, चेहऱ्यावर हसू होतं. "म्हणजे अपघात. मला वाटतं, विषय इथेच..."

"नाही," पाहुणी उठून उभी राहिली.

मी तिला डोळ्यांनी खाली बस म्हटलं. ती सापळ्याकडे गेली आणि त्याचा डावा पंजा हातात घेतला.

"दात पडून गेले. जबडाही. पण बोटं मी मोडली. ही करंगळी, मूळ पेर. आणि हिच्या शेजारचं, मधलं पेर. पंपाने. दोन फटके."

"सायकल सोडवायला?" अधिकाऱ्यांनी विचारलं. चांगला माणूस, तिला वाट दाखवत होता.

"पहिला सोडवायला. पहिल्या फटक्याला त्याने सायकल सोडली होती. दुसरा..." तिने सापळ्याची बोटं हळूच सरळ केली. "दुसरा मला मारायचा होता, म्हणून मारला. तो रक्तात पडला होता. मी हाडं जोडायला शिकते आणि मला नीट माहीत होतं कुठे मारलं की मोडतं. तिथेच मारला."

भाचेरावांचे डोळे मोठे झाले. माझी खात्री आहे, त्यांना स्वतःलाही दुसरा फटका आठवत नव्हता.

विभागप्रमुख बाईंनी चष्मा काढला. "हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती."

"मला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. पेशंट मला विचारतील."

अधिकारी म्हणाले, "बोटांची तक्रार यांनी उद्या दुपारपर्यंत लिहून दिली तर मला नोंदवावी लागेल. नाही दिली, तर माझ्याकडे काही नाही." म्हणजे आता सगळं त्या तारेने बांधलेल्या तोंडावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई पाटी घेऊन फाटकापाशी आल्या. मी आणि पाहुणी पायरीवर बसलो होतो. पाटी पुढे करताना त्यांची मान खाली होती. त्यावर लिहिलं होतं, "सायकल दे. तक्रार नाही."

"मी त्याला म्हटलं, असं नको करूस," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याने माझ्यावर पाटी उगारली. मी हात धरला. या वेळी धरला." भाचेरावांच्या उजव्या मनगटावर हिरवी-निळी चार बोटं उमटलेली मी नंतर पाहिली. मला आनंद झाला नाही असं खोटं कशाला सांगू, झालाच.

पाहुणीने सायकलीकडे पाहिलं. बापाने बांधलेली. मला वाटलं, ही आता एक तर पाटी फोडते, नाही तर भाचेरावांचं उरलेलं डोकं.

"देते म्हणावं," ती म्हणाली.

"आणि बाबांना काय सांगशील?" मी विचारलं.

"चोरीला गेली."

"म्हणजे खोटं?"

"तुमच्याच शेजारी राहते ना, काका."

लागलं. लागायलाच हवं होतं. तेवढ्यात भाचेराव घाईघाईने बाहेर आले. डावा हात गळ्यात, जबड्यात तार, आणि उजवा हात सायकलीच्या हँडलवर पडलासुद्धा. पाहुणी आडवी उभी राहिली.

"थांब. अशी नाही देणार."

भाचेरावांनी पाटी पुन्हा वर केली, "तक्रार" या शब्दावर बोट.

"वाचलंय मी. पण अरे बैला, तुला एकच हात आहे. तोही उजवा. आणि उजव्या हातात पुढचा ब्रेक आहे. तू या फाटकाच्या पुढेही जाणार नाहीस, आज मान मोडेल. बस तिथे."

ती आत जाऊन पाना आणि पक्कड घेऊन आली. पाना उचलला तसे भाचेराव दोन पावलं मागे सरले आणि प्लास्टरचा हात पोटाशी घेतला. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सायकल उलटी करून जमिनीवर ठेवली. ब्रेकच्या दोन्ही तारा सैल केल्या, मुठीतून ओढून काढल्या, डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. एका तारेचं टोक विसकटलेलं होतं, ते तिच्या तळहातात घुसलं. रक्त हँडलवर पडलं, तिने ते बाहीने पुसलं आणि पुढे पिळत राहिली. तासभर लागला. मध्येच तिने भाचेरावांना बोलावलं.

"इथे धर. घट्ट. हां. आता बोट काढ मधून, नाही तर तेही जाईल."

त्यांनी इतक्या चपळाईने बोट काढलं, की मालकीणबाईंनाही हसू फुटलं.

सायकल सरळ उभी केली आणि तिने ती त्यांच्या हातात दिली. "उजवा दाब. अजून. आता मागचं चाक थांबतंय बघ. कधीच डाव्याने आधी दाबायचा नाही. कळलं का?"

त्यांनी मान हलवली. फाटकापर्यंत गेले, दाबला, थांबले, जमिनीवर दोन्ही पाय टेकवून उभे राहिले. मग उतारावरून निघून गेले. ती जिन्याखालच्या रिकाम्या जागेत गेली आणि भिंतीला अशी लाथ घातली, की पोपडा खाली आला आणि तिचा अंगठा सुजला. सुजलेला अंगठा घेऊन ती नऊ किलोमीटर चालत कॉलेजला गेली. गेली, हे महत्त्वाचं. अजूनही जाते. विभागप्रमुख बाईंनी तिला शिक्षा म्हणून हाताच्या बोटांचे सगळे पेशंट लावून दिलेत.

आता माझ्या खिडकीतून काय दिसतं, ते सांगतो. रोज सकाळी पाहुणी तरातरा चालत निघते आणि शेजारून भाचेराव सायकलीवरून जातात. चार दिवस झाले, चेन करकर वाजते आहे. काल तिला सहनच झालं नाही. भर रस्त्यात उभी राहून ओरडली, "चेनला तेल घाल रे गाढवा! माझ्या बाबांची सायकल मारतोस का?"

भाचेरावांचं तोंड अजून उघडत नाही. त्यांनी प्लास्टरचा हात वर केला. शिवी होती की सलाम, ते प्लास्टरमुळे कळलं नाही. मी ते नळावर सांगितलं, तेव्हा दोन्ही सांगितलं.